अस्माऱ्याहून आलेला डबा

श्री

बालाजी घाट, काशी
आश्विन शुद्ध ५, शके १८६४

चिरंजीव ढुंढिराज यास दादाचे आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तेव्हा तू ज्या गावात, ज्या तंबूत असशील तिथे तुझी प्रकृती चांगली असो, अन्न पचत असो आणि झोप लागत असो, हीच बिंदुमाधवापाशी रोजची मागणी. (रोजची म्हणजे मधले तीन दिवस वगळून. ते तीन दिवस मी देवाला शिवलो नाही. का शिवलो नाही, त्याचीच ही हकीकत आहे.) इकडची खुशाली म्हणशील तर तुझ्या वहिनीचा गुडघा पाऊस ओसरला तसा निवला, वरच्या मजल्यावरच्या विद्युल्लताकाकूंचे कान शाबूत आहेत आणि जीभही, आणि गंगेने यंदा आपल्या घाटाच्या वरच्या सात पायऱ्या तेवढ्या आपल्याला ठेवून बाकीच्या नेल्या होत्या, त्या आता एकेक करून परत देते आहे, चिखलासकट. माझी प्रकृती उत्तम आहे. डोळे अजून थोडे चुरचुरतात, पण ते तुझ्यामुळे, आणि त्याचा खुलासा पुढे येईल.

पुढे वाचताना गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहून ठेवतो. तू जिवंत आहेस याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट आनंदच आहे. पण या भाद्रपदात तू तीन दिवस मेलेला होतास, आणि ते तीन दिवस तुझे मरण एकट्याने निभावताना मला जो त्रास झाला तो तुला कळलाच पाहिजे. (सेन्सॉरसाहेब, आपण मराठी वाचणारे आहात असे गृहीत धरून आपणासही नमस्कार. या पत्रात पलटणी, तोफा आणि जहाजे नाहीत. एक माकड आहे, ते बिनसरकारी आहे.)

आपल्या घरी डाकेने काय काय येते ते तुला ठाऊक आहे, पण दोन वर्षांत परमुलखात विसरला असशील म्हणून आठवण देतो. रत्नागिरीपासून नागपुरापर्यंतच्या आपल्या यजमानांपैकी ज्यांना काशीला येणे झेपत नाही, ते आपल्या माणसाच्या अस्थी पार्सलाने पाठवतात. कोणी पितळी लोटीत, कोणी चहाच्या डब्यात, वरून कापड शिवून. ते पार्सल उंबऱ्याच्या आत आणायचे नाही, जमिनीवर ठेवायचे नाही आणि गंगेत उभे राहीपर्यंत उघडायचे नाही, ही वडिलांची शिस्त. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला वळचणीखाली त्यांनी ती लाकडी खुंटी ठोकली, जिला तू लहानपणी टोपी अडकवल्याबद्दल मार खाल्ला होतास. आजवर त्या खुंटीवर कितीजण येऊन टांगून राहिले आणि वेळ झाल्यावर गंगेला मिळाले त्याची गणती नाही. गेल्या माघात तर एक डबा पलटणीतल्या सोबत्यांनी पाठवलेला आला होता, सातारकडच्या एका शिपायाचा, खाकी कापडात शिवलेला. त्याचे मी सगळे यथासांग केले. तेव्हा मनात एक विचार आला होता, तो मी लगेच झटकून टाकला होता.

तर भाद्रपद वद्य एकादशीला, पितृपक्षाच्या ऐन गर्दीत, डाकिया आला आणि त्याने माझ्या हातात खाकी कापडात शिवलेला डबा दिला. फौज क पारसल हौ, महाराज, एवढेच तो बोलला आणि निघून गेला. बरोबर चिठ्ठी नाही, पत्र नाही. वर इंग्रजी अक्षर. मला इंग्रजी रेल्वेच्या पाट्यांपुरते येते हे तू जाणतोस, पण त्या पाट्या वाचतो त्याच बेताने मी एकेक अक्षर जुळवत गेलो आणि तुझे नाव निघाले. अक्षर तुझे नव्हते. डबा हलवून पाहिला तर आत काहीतरी भुकटीसारखे सरकले. आता मी चाळीस वर्षे न्यायशास्त्र घोकलेला माणूस. जिथे धूर तिथे अग्नी, हे मी मुलांना शिकवतो आणि चुकले की कान धरतो. जिथे खाकी शिवण तिथे अस्थी, एक. परक्याचे अक्षर, म्हणजे ज्याचे नाव आहे त्याला लिहिता येत नाही, दोन. आत भुकटी, तीन. निष्कर्ष निघायला डाकिया गल्लीचे वळण घेईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. सरकार आधी तार पाठवते आणि डबे पाठवत नाही, हे तुझ्या वहिनीने नंतर दोन वाक्यांत सांगितले. पण तिने न्यायशास्त्र वाचलेले नाही.

मी डबा खुंटीला टांगला. गाठ दोनदा मारावी लागली. आत जाऊन सांगितले की यजमानांचे पार्सल आले आहे, कोणी शिवू नका. कोणते यजमान, असे तिने विचारले, तेव्हा लांबचे आहेत म्हणालो. हे खोटे नव्हते.

सांगितले का नाही, असे तू विचारशील. तिला सांगायचे तर ते तोंडाने बोलावे लागले असते. आणि तुझ्याबाबत ते वाक्य मी एकदा तोंडाने बोललेलो होतो. तुला आठवते, मला आठवते, गल्लीला आठवते. तू बिछाना बांधून निघालास, वाकून नमस्कार केलास, मी पाय मागे घेतले आणि म्हणालो, समुद्र ओलांडलास की माझ्या लेखी तू मेलास. इस्पितळात कंपाउंडरची नोकरी, माणसे मारायला नव्हे तर जगवायला जातो आहेस, हे तू चारदा समजावून सांगत होतास, आणि मी समुद्रयानाच्या निषेधाची वचने म्हणत होतो. वचने बरोबर होती, मी नंतर पोथीत पाहून खात्री केली. दोन वर्षे तुझी पत्रे वहिनीच्या नावाने आली. ती मी वाचली नाहीत. (ती मोठ्याने वाचत असे, मी शेजारच्या खोलीत असे, हा भाग वेगळा.) आणि आता माझे वाक्य कापडात शिवून, शिक्के मारून, घरपोच परत आले होते.

मग सुतकाचा प्रश्न. दहा दिवस उलटून गेल्यावर मरण कळले तर सुतक तीन दिवसांचे, हे शास्त्र. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. चौथ्या दिवशी शुद्धी, आणि चौथ्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे शस्त्राने गेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी. पंचांग इतके नेमके जुळून आलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते, आणि त्या नेमकेपणाची मला भीती वाटली. पण सुतक पाळायचे आणि ते घरात कळू द्यायचे नाही, हे काम किती अवघड आहे याची तुला कल्पना नाही. देवाला शिवायचे नाही, म्हणून अंगात ज्वर आहे असे सांगितले. ज्वर आहे म्हटल्यावर तुझ्या वहिनीने काढा दिला. काढा कडू होता. जमिनीवर निजायचे, म्हणून पाठ धरली आहे असे सांगितले. पाठीला तिने शेक दिला. पितृपक्षात माझे यजमान दारात येऊन उभे, त्यांना मी सुतकात विधी कसे सांगू? ते सगळे गल्लीतल्या दुसऱ्या उपाध्याकडे, वेणीमाधवाकडे, वळवले. वेणीमाधव इतका संशयी माणूस की तो स्वतः नाडी पाहायला आला आणि नाडी उत्तम आहे असे गल्लीत सांगत सुटला. एका सत्यासाठी मी तीन दिवसांत जितक्या थापा मारल्या, तितक्या पन्नास वर्षांत मारल्या नसतील.

दिवसभर ओट्यावर बसलो की समोर खुंटी. येणारेजाणारे त्या डब्याखालून जात होते आणि मी मनात म्हणत होतो, जरा हळू चाला. दुपारी ऊन फिरले आणि डब्यावर पडू लागले तेव्हा मी उठून माझा पंचा वर टाकला, मग लक्षात आले की याचा काही उपयोग नाही, मग तो तसाच राहू दिला. ढुंढी, मी हे काम जन्मभर करत आलो. लोक रडतात, मी मंत्र सांगतो, आता उजव्या हाताने, आता दर्भ धरा, आता मागे न पाहता चला. माझ्याकडे पाहून त्यांना धीर येतो, कारण मला काही झालेले नसते. त्या तीन दिवसांत मला कळले की तो धीर माझा नव्हताच. तो केवळ दुसऱ्याचे माणूस मेल्याचा धीर होता. तर्पणात तुझे नाव कसे घ्यायचे याची मी मनातल्या मनात तालीम केली. गोत्र येत होते, शर्मा येत होते, मधले नाव येत नव्हते. पाच वर्षांचा असताना तू माझ्या पाठीवर बसून पंचगंगा घाटापर्यंत पोहायला आला होतास, त्याच्यापुढे माझे मन सरकेचना.

चतुर्दशीला पहाटे स्नान करून, शुद्ध होऊन, पिंडाचे सामान घेऊन मी बाहेर आलो आणि खुंटीकडे हात केला. खुंटी मोकळी होती.

वर पाहिले तर समोरच्या कठड्यावर एक माकड मांडीवर डबा घेऊन बसलेले. (यंदा त्यांचा उपद्रव फार आहे. काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांवरची दोन फडकी आणि एक चष्मा त्यांच्याकडे आहे.) ते दाताने शिवण उसवत होते, अगदी सावकाश, आपल्याला काही घाई नाही अशा थाटात. मी ओरडलो. काय ओरडावे हे ठरवायला वेळ नव्हता. हुसकायला हाड् म्हणतात, काठी आपटतात, सगळे मला येते. पण तोंडातून निघाले ते तुझे नाव. ढुंढ्या, ढुंढ्या, असे मी गल्लीच्या मधोमध उभा राहून हाका मारू लागलो, एका हातात पिंडाचे पीठ आणि दुसऱ्या हातात दर्भ. घराघरांतून डोकी बाहेर आली. विद्युल्लताकाकू खिडकीत आल्या आणि त्यांनी विचारले, यज्ञेश्वर, वानराला आपल्या ढुंढीचं नाव केव्हापासून ठेवलंस?

"वानराला नाही हाक मारत, काकू," मी म्हणालो. "त्याच्या हातात आपला ढुंढी आहे."

काकू खिडकीतच खाली बसल्या. माकडाने मात्र तेवढ्यात कापड फाडून फेकले, झाकण उचकटले आणि आत तोंड घातले. नंतर जे झाले ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ मला लावता आला नाही. ते उभ्या जागी चार वेळा शिंकले, डोळे दोन्ही पंजांनी चोळू लागले, त्यामुळे ते आणखी भडकले, आणि डबा टाकून, किंचाळत, छपरावरून छपरावर उड्या मारत थेट नदीच्या दिशेने गेले. डबा कठड्यावरून पायरीवर आपटला. तांबडी भुकटी उडाली आणि चार पायऱ्यांवर पसरली.

मी उपरणे अंथरले आणि दोन्ही हातांनी भुकटी गोळा करू लागलो. पायरीच्या फटीतली नखाने काढली. हात भाजत होते. मी डोळे पुसले आणि डोळ्यांत आग पेटली. तरीही, ढुंढी, माझे न्यायशास्त्र कामाला होतेच. भुकटी तांबडी का, तर त्या मुलखाची माती तांबडी असणार. हात का भाजतात, तर परक्या लाकडाची चिता, कोणत्या झाडाची राख अंगाला कशी लागते कोण जाणे. वास स्वयंपाकघरासारखा का येतो, यालाही मी काहीतरी उत्तर तयार ठेवले होते. एकदा मनाने निष्कर्ष धरला की पुरावे बिचारे त्याच्यामागून डोके खाली घालून चालतात. हे मी आता पाठशाळेत मुलांना सांगतो, फक्त उदाहरण कोणाचे ते सांगत नाही.

तेवढ्यात तुझी वहिनी बाहेर आली. काकूंनी वरून तिला सगळे सांगितले असावे, कारण तिचा चेहरा पांढरा होता. ती माझ्याजवळ खाली बसली. तिने तो डबा उचलला, उलटा केला, बुडाशी अंगठा फिरवला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग चिमूटभर भुकटी घेऊन हुंगली, आणि मी हां हां म्हणेपर्यंत जिभेवर ठेवली. धर्मशास्त्रात या पातकाला नाव असेल तर मला ते आठवेना.

"यात मेथी आहे," ती म्हणाली. "आणि हा माझा डबा आहे."

तू निघालास तेव्हा तिने माझ्या नकळत तुला बिस्किटाच्या डब्यात मेतकूट भरून दिले होते, हे मला त्या क्षणी, लग्नानंतर एकोणतीस वर्षांनी, पायरीवर बसल्या बसल्या कळले. बुडाचा पोचा तिच्याच हातून पडलेला. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, ही आईची शिकवण. अर्धी वाटी पोहे, चार बोरे, काही नाही तर साखरेची चिमूट. तू दोन वर्षांनी, समुद्रापलीकडून, वहिनीचे भांडे भरून परत पाठवले होतेस, आणि मी त्याला खांदा द्यायला निघालो होतो. मेलेली माणसे भांडी परत करत नाहीत हो, असे ती म्हणाली, आणि मग तिथेच पदर तोंडाला लावून हसली की रडली ते मला दिसले नाही. माझे डोळे मिटलेले होते. ते मिरचीमुळे, असे मी गल्लीला सांगितले आणि गल्लीने ते ऐकून घेतले.

त्या दिवशी तुझे श्राद्ध झाले नाही. पिंडाचे पीठ गाईला घातले. पायरीवरचे खरकटे झालेले वेगळे काढले, पण डब्यात निम्म्याहून जास्त शाबूत होते. त्यातले दोन चमचे तिने तुपावर परतून तुरीच्या आमटीत घातले. रंग असा आला की मी आधी ताटच मागे सरकवले. मग एक भुरका घेतला. तिखट म्हणजे किती, तर कानांनी ऐकू येईल इतके. पण त्या तिखटाच्या मागे आणखी कोणीतरी होते, दालचिनीसारखे, वेलचीसारखे पण वेलचीहून दांडगे, ओव्यासारखे, आणि धुरकट, आणि त्याच्याही मागे एक वास, जो मला ओळखीचा होता आणि सापडत नव्हता. मी तीन वाट्या आमटी जेवलो. काकूंना वाटीभर पाठवली. त्यांची पंधरा दिवसांची सर्दी संध्याकाळी उतरली, आणि तेव्हापासून त्या रोज औषध म्हणून मागून घेतात. आम्हीही रोज जेवत आहोत. सर्वपित्रीला पितरांच्या पानावर मात्र वाढली नाही, वडिलांना तिखट सोसत नसे. घटस्थापनेला वाढली.

आणि परवा तृतीयेला आफ्रिकेतल्या त्या अस्माऱ्याहून तुझे पत्र आले. (इतका उशीर का झाला, श्रावणात इकडची डाक का बंद होती, ते मी लिहिणार नाही. सेन्सॉरसाहेबांना कात्री उचलायचे कष्ट नकोत.) वहिनीच्या नावाचे होते, पण या वेळी मी मागून घेऊन स्वतः वाचले. पत्ता पोस्टाच्या हवालदाराने लिहिला, कारण पार्सलावर इंग्रजी मोठी अक्षरे लागतात, हे समजले. एका ओळीने माझे तीन दिवस वाचले असते, पण असो. ज्या म्हातारीने तुला तापात जेवू घातले तिचे नाव माझ्या जिभेवर बसत नाही, तरी तिला माझा नमस्कार सांग. वहिनीचे भांडे आहे म्हटल्यावर तिने मुठीने दाबून दाबून डबा भरला, हे वाचून बरे वाटले. ते लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात आणि उपासाला दूधसुद्धा घेत नाहीत, हे मी काकूंना वाचून दाखवले. काकूंनी आपल्या साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहिले आणि विषय बदलला.

मसाल्याला ते लोक बर्बरे म्हणतात असे तू लिहितोस. नाव वाचून मी जरा बिचकलो, आपल्या पोथ्यांत बर्बर म्हणजे रानटी म्लेच्छ, हे तुला ठाऊक आहे. मग कृती वाचली. मिरच्या उन्हात वाळवायच्या, आले, मेथी, मोठी वेलची, ओवा, काळे जिरे, सगळे निरनिराळे भाजायचे आणि उखळात कुटायचे. घरोघरची चव वेगळी आणि प्रत्येकीला आपलीच खरी वाटते. इथवर मला त्या बायका आपल्याच आळीतल्या वाटल्या. पुढची ओळ वाचली आणि पत्र खाली ठेवले. मिरच्यांबरोबर लसूण वाटून घालतात, भरपूर, आणि कांदाही. चातुर्मास, पितृपक्ष, त्यावर नवरात्र, आणि कांद्यालसणाची आमटी रोज तीन वाट्या! जन्मभर नाकाने कांदे सोलत आलो, ते शेवटी पानात पडले. त्याच्याही पुढे तू लिहितोस की शेवटी त्यात एक पाला घालतात, तो तुळशीच्या जातीचा. मला न सापडलेला वास तो होता. मी परत डबा उघडून हुंगला. लसूण आणि तुळस एका डब्यात, इतके दिवस एकत्र, आणि कोणी कोणाला बाटवले ते काही केल्या ठरवता येईना. वेणीमाधवाला विचारावे असे मनात आले होते, पण त्याला उत्तर येत असते तर ते मला आवडले नसते.

तेव्हा आता मुद्द्याचे. तू समुद्र ओलांडलास, त्याला प्रायश्चित्त आहे, आणि ते घेतल्यावाचून तुला पंक्तीत घेता येत नाही, हे माझे मत मी बदललेले नाही. मीही लशुन भक्षण केले आहे, चातुर्मासात, वारंवार, त्यालाही प्रायश्चित्त आहे. दोघांची शुद्धी एकाच पाटावर, एकाच दिवशी होऊ शकते, विधीला हरकत नाही, मी ग्रंथ पाहिला. रजा मिळेल तेव्हा लिही. मी मुहूर्त काढतो. तोवर आपली प्रकृती सांभाळ, थंडीत कानाला बांध, रुग्णांशी गोड बोल, आणि पार्सल पाठवशील तेव्हा आत काय आहे ते बाहेर लिहीत जा. ही या घराची गरज आहे.

कळावे, लोभ आहेच, तो कमी होण्याचे कारण नाही.

तुझा दादा,
यज्ञेश्वर

ता. क. लसणाचे काकूंना सांगितलेले नाही. त्या सोवळ्या बाई, सत्तरी उलटलेली, आता या वयात त्यांना पाटावर कुठे बसवू? औषधाला दोष नसतो असे एक वचन आहे, त्यावर मी भागवले आहे. तुझे पुढचे पत्र त्यांच्यासमोर वाचले जाईल, त्यात लसूण हा शब्द नको.

ता. क. दुसरा. वर लिहिलेले वाचून पाहिले. त्यात एक गोष्ट खरी नाही. लसूण मला तुझ्या पत्रातून कळलेला नाही. पहिल्या भुरक्यालाच कळला होता. लसणाचा वास मला दोन गल्ल्या पलीकडून येतो, हे तू जाणतोस. मी वाटी खाली ठेवली नाही, कारण तीन दिवसांनंतर माझ्या समोर तुझ्याकडचे काहीतरी गरम होते.

ता. क. तिसरा. वहिनी म्हणते मसाला संपत आला आहे, आणि तुला लिहा. मी म्हणालो, मागणे बरे दिसत नाही. तिने तो डबा घासून, त्यात मेतकूट भरून ठेवले आहे, ते उद्या डाकेला जाईल. वर मी माझ्या हाताने मेतकूट असे तीन लिप्यांत लिहिले आहे.

ता. क. शेवटचा. हे पत्राच्या पोटात लिहायला हवे होते, तिथे जमले नाही. त्या दिवशी दारात मी जे बोललो ते चूक होते. बोललो तेव्हाच ते मला कळले होते, फक्त तू वळणापर्यंत पोचला होतास आणि मला मोठ्याने हाक मारायची लाज वाटली. थोरल्याने धाकट्याची क्षमा कशी मागावी याचा विधी मला कोणत्याही ग्रंथात सापडला नाही, म्हणून विधीवाचून मागतो. घरी ये. मुहूर्ताला थांबू नको. प्रायश्चित्ताचे काय ते जेवण झाल्यावर बघू.